सिमच्या कप्प्यावरची पट्टी

मी आज जो काही आहे तो मिलिंदमुळे. हे नाव माझ्या घरी कुणाला माहीत नाही—बायकोलाही नाही. का नाही, ते आज पहिल्यांदाच बोलतो आहे. तुम्हाला सांगणं सोपं, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीपर्यंत गेलं नव्हतं. मुखेडहून लातूरला क्लाससाठी आलो तेव्हा फिजिक्सचं मला काही म्हणता काही उमगत नव्हतं. हॉस्टेलच्या खोलीत माझ्यासोबत मिलिंद होता, किनवटकडच्या जंगलातल्या एका गावाचा. रोज संध्याकाळी तो मला शिकवायचा. "आरं दिन्या, डोकं हाय का खोकं?" म्हणायचा, आणि तेच गणित पुन्हा पहिल्यापासून मांडायचा.

हॉस्टेलमध्ये फोनला बंदी. टॅब चालायचा, कारण क्लासचे धडे त्यावर होते आणि हॉस्टेलच्या वायफायवर तेवढे धडेच उघडायचे. पण काही टॅबना सिमचा कप्पा असतो. त्यात सिम घातलं की वायफायची गरजच नाही, काय पाहिजे ते बघा. माझ्या टॅबला तो होता, मिलिंदच्याही. म्हणून रेक्टर सर प्रवेशाच्या दिवशीच कप्पा रिकामा करायला लावत, त्यावर पांढरी चिकटपट्टी लावत आणि पट्टीवर स्वतःची सही करत.

ती पट्टी काढायला मी शिकलो होतो. गरम चहाचा स्टीलचा ग्लास टेकवून ठेवायचा. डिंक सैल झाला की ब्लेडनं कड उचलायची. कशासाठी? अभ्यासासाठी म्हणालो असतो—पण नाही. क्रिकेट आणि रील. मिलिंदला माहीत होतं. तो कधी बोलला नाही.

मग एका शनिवारी त्याला ऑफिसात बोलावलं. परत आल्यावर मी विचारलं,

"काय म्हणले रे सर?"

"काही न्हाई."

एवढं बोलून त्यानं माझ्याकडं न बघता पुस्तक उघडलं. झालं—माझ्या डोक्यात किडा शिरला. यानं माझं नाव सांगितलं, आता झडती होणार. जेवताना तो ज्याच्या-ज्याच्याशी बोलला, तो प्रत्येक जण मला त्याला सामील वाटायला लागला. मीठ मागत होता का—की माझ्याबद्दल सांगत होता?

रविवारी झडती झाली. माझं सिम मिलिंदच्या टॅबमध्ये सापडलं.

मी स्वतःला सांगत आलो—घाबरलो होतो, हाताला लागेल तिथं लपवलं. पण घाबरलेला माणूस मेसमध्ये चहा आणायला जातो का? त्या सकाळी मिलिंद अंघोळीला गेला होता. मी ग्लास टेकवला. थांबलो. कड उचलली, सिम सरकवलं, पट्टी अंगठ्यानं दाबून बसवली. खिडकी उघडीच होती, सिम बाहेर फेकता आलं असतं—फेकलं नाही. तो पकडला जावा म्हणूनच घातलं मी.

माझ्या पट्टीची कडही उचललेली होती. पण रेक्टर सर आमच्या पाहुण्यांतले. माझा टॅब त्यांनी हातात घेतला आणि तसाच परत दिला. मिलिंदचा मात्र उजेडाला धरला. "मी न्हाई घातलं, सर," एवढंच तो म्हणत राहिला. सरांनी कात्रीनं सिमचे दोन तुकडे केले. ते कुणाच्या नावावर होतं, कुणी पाहिलं नाही.

परीक्षा तोंडावर असताना त्याचं नाव क्लासमधून काढून टाकलं. वडील घ्यायला आले. निघताना त्यानं टॅबवरची ती उचकटलेली पट्टी निरखली. तिच्यावर चहाचा पुसट डाग होता. मिलिंद चहा पीत नव्हता.

"दिन्या, चहा कमी पेत जा," म्हणाला आणि पेटी उचलली.

त्याच आठवड्यात रेक्टर सर मला म्हणाले, "शनिवारीच इच्यारलं होतं त्याला, तुमच्या खोलीत नेट कोण वापरतंय. कुणीच न्हाई म्हणला. सोताचंच झाकून राहिला होता, बघ!"

मी मान हलवली. हो म्हणून.

मी इंजिनिअर झालो. गावानं फेटा बांधला. आता नांदेडला नोकरी आहे. त्याचं पुढं काय झालं, हे मी शोधलंच नाही—कळलं असतं तर? आजही कुणी चहा पुढं केला की मी आधी त्याच्या तोंडाकडं बघतो. याला काही माहीत आहे का?

माझ्या फिजिक्सच्या वहीत त्यानं गावाचा पत्ता लिहून दिला होता—सुट्टीत ये म्हणून. मागच्या आठवड्यात त्या पत्त्यावर हे पत्र टाकलं:

मिलिंद,

ते सिम माझं होतं. तुझ्या टॅबची पट्टी मी काढली. चुकून नाही, ठरवून. तू माझं नाव सांगितलंस असं मला वाटलं. सांगितलं नव्हतंस, हे त्याच आठवड्यात कळलं. तेव्हा मी बोललो असतो तर तू परत येऊ शकला असतास. मी गप्प बसलो.

हेच सगळं क्लासलाही सहीनिशी कळवलं आहे.

परीक्षेत फिजिक्सचा शेवटचा प्रश्न तू शिकवलेलाच आला होता. मी सोडवला.

दिनेश