भिंतीपलीकडचं वाचन

शिंप्याकडचे सदरे घरी आणून त्यांना काजं-बटणं करायची, हा थोरलीचा धंदा. सगळे तिला काजवालीच म्हणत. वर्षभरापासून तिला बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं. सुईचं नेढं जिभेने चाचपून ती दोरा ओवायची आणि काजं बोटांच्या अंदाजाने करायची. हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. शिंप्याला कळलं तर काम बंद, आणि धाकटीला कळलं तर नाक खाली.

धाकटी बहीण भिंतीपलीकडच्या खोलीत राहायची. आईमागे वस्तूंची वाटणी झाली, तेव्हा थोरलीने शिलाई मशीन घेतलं आणि आईचं पवित्र शास्त्र धाकटीकडे सरकवलं. वर म्हणाली, "ठेव तुलाच, मला सगळं पाठ आहे." धाकटीला ते लागलं. तेव्हापासून बोलणं बंद आणि मधल्या दाराला दोन्हीकडून कडी.

पाठ वगैरे काही नव्हतं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आई रोज सकाळी एक उतारा वाचायची आणि त्यातली एक गोष्ट दिवसभर पाळायची. थोरलीलाही तीच सवय, पण यंदा वाचणार कशी? मग पलीकडे धाकटीचं मोठ्याने वाचणं सुरू झालं आणि थोरलीने आपलं स्टूल भिंतीला लावलं.

जिभेला आवर घालण्याचा उतारा आला त्या दिवशी शिंप्याने तिरक्या काजांवरून चार माणसांत ऐकवलं, तरी ती गप्प राहिली. गुपचूप देण्याचा आला, तेव्हा जिन्याखालच्या म्हातारबांच्या दाराशी सूप ठेवून पळाली. संध्याकाळी जेवताना 'आज बरं जमलं' असं सांगायला समोर कुणी नसायचं. मशीनला सांगायची.

एका सकाळी वाचन चार ओळींवर थांबलं. खोकला, मग काहीच नाही. दुसऱ्या दिवशी नुसता खोकला. थोरलीने एक काज घातलं, उसवलं, परत घातलं. आज काय करायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. दुपारी तिने आपल्याकडची कडी काढली आणि दार वाजवलं.

धाकटीने दार उघडलं. घसा पार बसला होता. तिने पुस्तकच पुढे केलं. "वाचायचंय ना? घे."

थोरलीने पान उघडलं. करड्या रेघांपलीकडे काही नव्हतं. चष्मा विसरले म्हणून सहज निसटता आलं असतं.

"मला दिसत नाही गं," ती म्हणाली. "आणि पाठही नाही."

धाकटी खाटेवर बसली. "माहीत आहे. रोज तुझं स्टूल भिंतीला लागलेलं ऐकू यायचं. नाहीतर घसा फोडून भिंतीला ऐकवत होते का मी?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस?"

थोरली चुलीकडे वळली. तिने पाणी उकळून दिलं. धाकटीने खुणेनेच विचारलं, परवाचं आठवतंय का? थोरली आठवेल तसं सांगू लागली. चुकलं की धाकटी कपावर चमचा वाजवायची. चमचा बऱ्याचदा वाजला.

मग थोरली आपल्या खोलीत आली. सदरे तसेच पडले होते, भिंत गप्प होती. दोरा जिभेला लावला, पण सुईत जाईना. मग सुयांची डबी आणि रीळ घेऊन मधल्या दाराशी गेली. ते उघडंच होतं.

धाकटीने डबी घेतली आणि एकेक सुई ओवत बसली.