कोपरा फाटलेलं कार्ड

कॅनडातल्या बर्नाबीत ज्या घराच्या बेसमेंटमध्ये मी सहा वर्षं राहिले, त्या घराची मालकीण सत्तरी ओलांडलेली, इंग्लंडात जन्मलेली, एकटी राहणारी बाई होती. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, मला नावाने हाक मार. माझ्या आईपेक्षा मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ काही वळेना. महिनाभर मी ‘एक्स्क्यूज मी’वर भागवलं. शेवटी तिनेच विचारलं, तुमच्याकडे माझ्या वयाच्या बाईला काय म्हणतात? मी म्हटलं, आजी. ते तिला इतकं आवडलं की तिने शेजाऱ्यांनाही सांगून टाकलं. तिच्या तोंडी त्याचं ‘आज्जी’ व्हायचं. आमच्या घरीही लाडात आलं की तसंच म्हणतात, त्यामुळे मी ते कधी सुधारलं नाही.

आजीचा छंद मला कळला तो पहिल्या बर्फात. घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसून, नाक लाल करून मी वर गेले, तर तिने चहा दिला आणि बुटांचं एक खोकं समोर ठेवलं. आत जुनी चित्रांची पोस्टकार्डं होती. सगळी एकाच जागेची: इंग्लंडच्या समुद्रकाठचा एक हॉलिडे कॅम्प. कॅम्प म्हटल्यावर मला कॉलेजातला श्रमदानाचा कॅम्प आठवला, पण हे प्रकरण वेगळंच निघालं. लाल, पिवळ्या, हिरव्या दारांच्या खोल्यांच्या लांबच लांब रांगा. हजार माणसं एकदम जेवतील असा हॉल. गाढवावर बसलेली पोरं. सगळ्यात कुरूप गुडघे कुणाचे, याची स्पर्धा आणि त्यात हौसेने पँट वर करून उभे राहिलेले बापे. रंग असे भडक, की आमच्याकडच्या कॅलेंडरांनी लाजावं.

आजी सांगत होती, की सकाळी लाऊडस्पीकरवरून सगळ्यांना एकदम उठवायचे. घंटा झाली की ओळीने जेवायला जायचं. एका खोलीत चार पलंग, आणि संडास बाहेर.

“आजी, हे तर आमचं वसतिगृह झालं,” मी म्हटलं. “मी सात वर्षं काढलीत अशा ठिकाणी. फरक एवढाच, आम्ही तिथून पळून जायला बघायचो आणि तुम्ही पैसे भरून जायचात.”

ती इतकी हसली की चहा बशीत सांडला.

मग माझ्या लक्षात आलं, की खोक्यातल्या साठेक कार्डांपैकी निम्म्याहून जास्त एकाच स्विमिंग पूलची आहेत. तोच निळा तलाव, तेच कारंजं, काठावर त्याच आरामखुर्च्या. मला बोलल्याशिवाय राहवत नाही. मी विचारलं, एकच कार्ड इतक्या वेळा कशाला घेतलं?

“एकच नाहीये. नीट बघ. ह्यात छत्री मिटलेली आहे. ह्यात त्या माणसाच्या डोक्यावर टोपी आहे. फोटोग्राफर दर उन्हाळ्यात यायचा आणि नवीन फोटो काढायचा. त्यातल्या एकात मी आहे. ते कार्ड मला अजून मिळालेलं नाही.”

तिने मग सगळं सांगितलं. ती आठ वर्षांची होती. आई बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. वर्षभर काटकसर करून त्यांनी एक आठवडा त्या कॅम्पात काढला. एका सकाळी फोटोग्राफर शिडी घेऊन तलावाशी आला. कार्डावर रंग उठून दिसायला हवेत, आणि आईचा फ्रॉक तर मातकट. त्याने आपल्या पिशवीतून एक लालभडक स्वेटर काढून तिला घालायला दिला आणि तिला काठावर उभं केलं. मुलीला सांगितलं, पाय पाण्यात सोडून बस आणि माझ्याकडे बघ. फोटो झाल्यावर त्याने स्वेटर परत मागून घेतला. आई दिवसभर म्हणत होती, काय मऊ होता.

त्याच हिवाळ्यात आई गेली. आठवड्याभरात बापाने मागच्या अंगणात तिचे कपडे, पत्रं, होते-नव्हते ते फोटो, सगळं जाळून टाकलं. “तो वाईट माणूस नव्हता,” आजी म्हणाली. “त्याला ते बघवत नव्हतं.” पुढे तो तिला घेऊन कॅनडात आला. आईचा म्हणून एकही फोटो जगात उरला नाही. एक ते कार्ड सोडून.

“तिचा आवाज आठवतो मला. हात आठवतात. चेहरा आठवत नाही. आठवायला गेलं की मावशीचा येतो.”

माझ्या फोनमध्ये माझ्या आईचे चारशे तरी फोटो असतील. त्यातल्या निम्म्यात व्हिडिओ कॉलवर तिचं नुसतं कपाळ दिसतं, आणि त्यावरून मी तिला सारखी टोचून बोलते. त्या दिवशी खाली जाऊन मी तिला फोन केला आणि कपाळाबद्दल चकार शब्द काढला नाही. तिने विचारलं, बरं नाही का तुले?

तेव्हापासून त्या शोधात मीही पडले. आजीला ऑनलाइन बघायला शिकवलं, पण तिथले फोटो तिच्या डोळ्यांना बारीक पडत. तिचा भरवसा व्हँकुव्हरच्या एका हॉलवर होता. तिथे दर वसंतात जुन्या पोस्टकार्डांची विक्री भरायची. आजी ठेवणीतला कोट घालून, भिंग घेऊन जायची. दर वर्षी तलावाची दोन-तीन कार्डं घेऊन यायची आणि खोक्यात टाकायची. वाईट वाटलेलं दाखवायची नाही. म्हणायची, आता तेवढी कमी राहिली.

पाचव्या वर्षी नेमकं तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जाणंही तेव्हा तिला मोठं काम होतं. मी म्हटलं, मी जाते. तिने मला परीक्षेला पाठवावं तशा सूचना दिल्या. तलाव. लाल स्वेटर. पाय सोडून बसलेली मुलगी. ओळखायला जमलं नाही तर तलावाचं दिसेल ते प्रत्येक कार्ड घेऊन ये, मी बघते. प्रत्येक, हे तिने दोनदा सांगितलं.

हॉलमध्ये इंग्लंडच्या समुद्रकाठाची कार्डं एकाच विक्रेत्याकडे होती. पांढऱ्या मिशांचा तो माणूस उंच स्टुलावर बसून सँडविच खात होता. मी त्याचं खोकं उपसलं आणि त्या कॅम्पची पाच कार्डं सापडली, पाचही तलावाची. चार मी बाजूला काढली. पाचवं हातात आलं, तर त्याचा वरचा उजवा कोपरा फाटलेला. मी ते चटका बसल्यासारखं परत खोक्यात टाकलं. त्यावर काय आहे हे बघितलंसुद्धा नाही. चार कार्डांचे पैसे दिले आणि खुशीत घरी निघाले.

हे असं का केलं, ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. ते उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. दारातच वाचायचं, दारातच फाडून टाकायचं. माझे बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. आमच्या घरात ना देव्हारा, ना उपास, ना मुहूर्त. मांजर आडवं गेलं की बाबा मुद्दाम त्याच रस्त्याने जायचे. पण आत्या गेल्याचं कार्ड आलं, तेव्हा त्यांनीही ते फाटकाबाहेर उभं राहून वाचलं आणि नालीत टाकलं. मी विचारलं तर म्हणाले, सवय. आणि मी त्यांची लेक. इथल्या आमच्या मंडळात रविवारी मुलांना वैज्ञानिक दृष्टिकोनावर तासभर भाषण देते, स्लाइड्स लावून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

अडीचला घरी पोचले. आजी खुर्चीत टेबललॅम्प लावून तयारच बसली होती. तिने चारही कार्डं एकेक करून भिंगाखाली घेतली, हळूहळू, काठाकाठाने. मग ती नीट रचून ठेवली.

“नाही,” ती म्हणाली. “पण ही छान आहेत. इतकीच होती?”

खोटं बोलता आलं असतं. तिला कधीच कळलं नसतं. पण माझा चेहरा माझ्या ताब्यात नसतो.

“अजून एक होतं. त्याचा कोपरा फाटला होता.”

“मग?”

मग मी तिला सगळं समजावून सांगितलं. इंग्रजीत सांगताना ते इतकं वेडगळ वाटलं, की मी मध्येच हात जोडले.

“म्हणजे तुमच्याकडे कार्डाचा कोपरा फाटला असेल, तर कुणीतरी मेलंय असं समजायचं?”

“हो.”

“अगं, त्या कार्डांवरची बहुतेक सगळी माणसं मेलेलीच आहेत आता. त्यात बातमी कसली?” ती म्हणाली, आणि हसली. मग हसू आवरून विचारलं, “लाल स्वेटर होता त्यात?”

“मी बघितलंच नाही, आजी.”

तिने खुर्चीच्या पाठीवरचा कोट अंगात चढवला. भिंग त्याच्या खिशात टाकलं, वॉकर ओढला आणि उठायला लागली. विक्री चारला संपत होती. मी म्हटलं, तू बस, मी धावत जाऊन येते. ती म्हणाली, तुझ्यावर सोडलं तर तू परत त्याचा कोपरा बघशील.

तिला पायऱ्या उतरवायलाच दहा मिनिटं गेली. टॅक्सीवाला पंजाबी निघाला. मी हिंदीत घाई करा म्हटलं, तर त्याने आरशातून आजीकडे बघितलं, तिच्या पायातल्या घरातल्या सपाता बघितल्या आणि विचारलं, “हॉस्पिटल?” मी म्हटलं, नहीं भैया, पोस्टकार्ड लेना है. त्याने गाडी मात्र हॉस्पिटलला न्यावी तशीच हाकली. आजीला मज्जा वाटत होती. खिडकीची काच खाली करून ती वारा खात बसली.

आम्ही पोचलो तेव्हा हॉल अर्धा रिकामा झाला होता. मिशाळ विक्रेत्याची जागा मोकळी होती. पार्किंगमध्ये तो खोकी व्हॅनमध्ये चढवताना दिसला. मी पळत गेले आणि ते खोकं पुन्हा उघडा म्हणून सांगितलं. तो म्हणाला, ते सगळ्यात आत गेलंय, पुढच्या वर्षी या. मी वाद घालायला तोंड उघडणार, एवढ्यात त्याला माझ्या मागून येणारी आजी दिसली. चाकांचा वॉकर पुढे ढकलत, एकेक पाऊल, सपाता घातलेली. त्याने सात खोकी खाली उतरवली.

कार्ड मी काढलं. ह्या वेळी कोपऱ्याला धरूनच काढलं, आणि न बघता आजीच्या हातात दिलं. बघायचा हक्क पहिला तिचा होता. तिने वॉकरचा ब्रेक लावला, त्याच्या सीटवर बसली आणि खिशातून भिंग काढलं. मी आणि मिशाळ, दोघंही तिथेच उभे. त्याला काही माहीत नव्हतं, पण तोही हलला नाही.

“मी आहे,” आजी म्हणाली.

“आणि आई?”

ती कार्डावर आणखी वाकली आणि मग भिंगासकट ते माझ्याकडे दिलं. काठावर पाय सोडून एक बारकी मुलगी बसली होती, दात दाखवत. मागे मसुराच्या दाण्याएवढा लाल स्वेटर. मी भिंग जवळ नेलं, लांब नेलं. जवळ नेलं की चेहऱ्याचे छपाईचे ठिपके व्हायचे, लांब नेलं की नुसती एक बाजू दिसायची. गाल, नाक, कानावरचे केस. इतकी वर्षं शोधलेला चेहरा, आणि बाई कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. मला इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले.

“चेहरा नीट दिसत नाही, आजी. सॉरी.”

“सगळ्यांना कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “बघ, बाकी सगळे बघतायत.”

मी पुन्हा बघितलं. खरंच, तलावाभोवतीची सगळी माणसं शिडीकडे बघून हसत होती. एकट्या लाल स्वेटरवालीची मान खाली होती. ती पुढे झुकली होती, दोन्ही हात मुलीच्या पाठीमागे धरून, अजून पाठीला न टेकलेले. पुढे बघून हसणाऱ्या त्या मुलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

आजीने कार्ड परत घेतलं आणि भिंगाशिवायच डोळ्यांजवळ धरलं. तिचा चेहरा असा उजळलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

“तिला वाटतंय, मी पाण्यात पडणार,” ती म्हणाली.