वसईच्या पानवाड्या आणि बाटलीतले मेलेले जिवाणू

“तुम्ही सांगितलेले जिवाणू घातले, तरी वेली गेल्या,” वसईची पानवाडीवाली मंदाताई फोनवर शांतपणे म्हणाली. त्या शांतपणानंच मला जास्त लागलं. जिवाणू खतांच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली. पानवेलीच्या मुळांशी चांगले जिवाणू वाढवले की मूळकुजीची बुरशी दबते, वेल जोम धरते, हे प्रशिक्षणात मीच तिला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी नाशिकहून निघाले.

भिवंडी-कामण रस्त्याने येणार असाल तर खड्ड्यांसाठी तासभर जास्त धरा. वसईला उतरून निर्मळच्या बाजूला शेअर रिक्षा मिळते, स्वस्तात. वाडीत चिखल असतो, जुन्या चपला घाला.

मंदाताईची वाडी बघून जीव हरखतो: केळी, मधून पाण्याचे पाट, सावलीत चढलेल्या पानवेली. पण अर्ध्या ओळी पिवळ्या पडून लोंबत होत्या. मूळ उपटलं तर हातात काळा लगदा आला. पहिल्या वर्षी आणलेल्या जिवाणूंच्या बाटल्यांनी वेली छान वाचल्या होत्या, म्हणून तिच्या शब्दावर शेजारच्या तीन वाड्यांनीही यंदा तेच घेतलं होतं. आता ते तिच्याशी धड बोलत नव्हते.

उरलेली बाटली उघडली. सडका भपकारा आला.

वालाचं बिरडं आणि भाकरी खाऊन तिने बाटल्या जिथून आणल्या होत्या, ते बाजारातलं दुकान आम्ही गाठलं. बाटल्या दुकानाबाहेर, थेट उन्हात रचलेल्या. जिवाणू जिवंत असतात, त्यांना सावली आणि गारवा लागतो, हे दुकानदाराला माहीत नसेल असं मी क्षणभर मानलं. मग लेबलावरची चिकटपट्टी नखाने सोलली. खालची तारीख कधीच उलटून गेली होती.

“औषध आहे मॅडम, दूध नाही नासायला,” तो म्हणाला. माझा तोल गेला. तुम्ही मेलेलं पाणी विकलंत, एका बाईची पत घालवलीत, असं मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सुनावलं. त्याने बाटली माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा उन्हातच ठेवली. आम्ही फोटो काढले, कृषी कार्यालयात लेखी तक्रार दिली, पोच घेतली.

मुक्कामी मंदाताईकडेच राहिले. सकाळी मी आणलेले ताजे जिवाणू शेणखतात कालवून आम्ही शाबूत ओळींना घातले. मग ती तिन्ही वाड्यांवर गेली. मी सोबत होते. प्रत्येक दारात ती एवढंच म्हणाली, “माल मेलेला होता. तारीख मी नीट बघितली नाही, चुकलं माझं.” एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने आत बोलावून पाणी दिलं. बाकी दोघांनी नुसती मान हलवली.

नाशिकला परतून महिना झाला. शाबूत ओळींना नवी पानं फुटलीत, असं ती कळवते. गेलेल्या गेल्या. तक्रारीवर अजून उत्तर नाही, दुकान उघडं आहे. वसईला जरूर जा, वाड्या बघा, सुकेळी म्हणजे तिथली वाळवलेली केळी आणा. पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही: या सगळ्या प्रकारात माफी मागितली ती फक्त तिने.