हिरव्या तळ्याची खोड

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत, घोंगडीवाल्यांच्या ओळीला लागून ठोकलेल्या ताडपत्रीच्या मांडवात हरेश कॉम्प्युटरचा डबा उघडून बसला होता आणि रंगकामाच्या ब्रशने आतलं तांदळाचं पीठ झाडत होता. त्याची बायको समीक्षा बाहेर बांबूला जुनी साडी बांधत होती. ऊन पडद्यावर पडलं की खेळणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसायचं, म्हणून. साल २००२, महिना जानेवारी.

पिठाचं कारण साधं होतं. शहापुरात हरेशचा कॉम्प्युटर क्लास पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत भरायचा. खाली दळण सुरू झालं की फळ्यांच्या फटींतून पांढरा धुरळा वर चढे, आणि टायपिंग शिकून उतरणाऱ्या मुलींच्या भुवया पिकलेल्या असत. हरेशला त्याचं काही वाटत नसे. तो भात करणाऱ्या घरातला. बी.कॉम. झाला, कल्याणला जाऊन कोर्स केला, वाशिंदच्या एका कारखान्याच्या ऑफिसात काही वर्षं बिलं बनवली. त्या ऑफिसाने जुने कॉम्प्युटर मोडीत काढले तेव्हा त्याने नोकरी सोडली आणि त्यांतले तीन टेम्पोत घालून घरी आणले. आई दारातच म्हणाली, "लोकं बैल आनतात, यानं खोके आनले."

त्यांतल्या एका खोक्यात ऑफिसातल्या कुणीतरी चढवलेला खेळ तसाच राहून गेला होता. त्याचं नाव इंग्रजी होतं, ते कुणी घेत नसे. क्लासमध्ये त्याला 'भुयार' म्हणत. पडद्यावर खाली बंदूक धरलेला हात दिसायचा, समोर दगडी बोळ. बोळातून राक्षस यायचे. राक्षसांचं कुणाला काही नव्हतं, ते समोरून यायचे आणि गोळी लागली की पडायचे. खरी कटकट फरशीची आणि भिंतींची होती. सरळ दिसणारी फरशी पायाखालून जाई. औषधाची पेटी उचलावी तर छप्पर खाली बसे. किल्ली हाती लागून जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच पाठीमागची भिंत सरकून तिच्याआडचे दहाजण बाहेर पडत. आधी खूण नाही, इशारा नाही. हा खेळ बनवणाऱ्याच्या घरी पाहुणे जात नसणार, असं क्लासमधल्या पोरांचं ठाम मत होतं.

हरेश मरून मरून शिकला होता. कुठल्या पेटीला हात लावायचा नाही, कुठल्या दारात थांबून आधी आत गोळी झाडायची, हे त्याला तोंडपाठ होतं. पोरांना तो ते टॅली शिकवावी तसं शिकवायचा. "किल्ली उचलली की आधी वळायचं. आनंद नंतर करायचा."

फक्त एका खोलीपुढे त्याचं काही चालत नव्हतं. पहिल्या भुयाराच्या शेवटी एक चौकोनी दालन होतं. मध्ये हिरवंगार तळं, पलीकडे दार, आणि भिंतीला धरून तळ्याभोवती एक अरुंद दगडी कठडा. कठड्यावरून अर्ध्यात पोहोचलं की भिंतीतून लोखंडी सुळे बाहेर यायचे आणि खेळ संपायचा. हरेशने धावून पाहिलं, उडी मारून पाहिलं, भिंतीला चिकटून पाहिलं. सुळे यायचेच. मग शहापूरची वीज जायची आणि विषय तिथेच राहायचा.

जत्रेची कल्पना हरेशचीच. मांडववाल्याचा जनरेटर, एक कॉम्प्युटर आणि पुठ्ठ्याची पाटी: 'भुयारातून बाहेर पडा, घोंगडी जिंका.' पैसे भरायचे, एक जीव, एक खेळ. पाटी रंगवत असताना समीक्षाने विचारलं होतं, "अहो, पण तुम्हाला तरी बाहेर पडता येतं का?"

"येईल कुणालातरी. एवढी माणसं येतात जत्रेला."

त्या दिवशीच्या सगळ्या भानगडीचं मूळ या वाक्यात होतं.

समीक्षा वाशिंदची. वडील कारखान्यात, वाढली कॉलनीत. शेताशी तिचा संबंध गाडीच्या खिडकीपुरता. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात ती शेतावर जेवण घेऊन गेली. वाट वळसा घालून बांधाने होती. माणसं समोर दिसत होती. ती सरळ निघाली, ती भाताच्या राबातून. लावणीसाठी दाट वाढवलेली ती कोवळी रोपं, त्यांच्यात घरातलं लहान पोरसुद्धा पाय घालत नाही. सासू डोक्याला हात लावून धावत आली. तेव्हापासून घरी पाहुणा आला की चहाबरोबर ही गोष्ट निघायची. "कारखान्याची पोर ती. बांध कशाशी खातात ते ठाव नाय." समीक्षा हसून कप गोळा करायची. हसणं दरवर्षी थोडं कमी होत होतं.

दुपारपर्यंत मांडवापुढे रांग लागली. बैलबाजारातून माणसं खांद्यावर आसूड टाकून येत होती, नवीन घोंगडी पांघरून येत होती. माउस पहिल्यांदा हातात धरणाऱ्यांना हरेश शेजारी बसून सगळं सांगत होता. फरशी कुठे खचते, पेटी कुठली सोडायची. त्यामुळे बरेचजण हिरव्या तळ्यापर्यंत पोहोचत होते. आणि तिथे एकूण एक माणूस कठड्यावर चढत होता, हळूहळू भिंतीकडेने सरकत होता आणि सुळ्यांवर जात होता.

"आयला, परत!"

"अरे भिताडाला घासून चाल ना!"

"घासूनच चालत होतो! तुजा बाप तरी काय वेगळा चालला?"

पहिले दोन तास लोक हसले. मग हसणं आटलं. महिपत येईपर्यंत रांगेत कुजबुज सुरू झाली होती.

महिपत मुरबाडकडचा बैलांचा दलाल. अंगाने आडवा, आवाजाने उभा. मांडवांना जागा ठरवून देणाऱ्या जत्रेच्या पंचांत तो होता. त्याने एकदा खेळून पाहिलं, मेला. परत रांग लावली, परत मेला. तिसऱ्यांदा मेल्यावर त्याने माउस असा खाली ठेवला की टेबल हललं.

"मास्तर, आमी बैल इकताना काय करतो?"

हरेशला ठाऊक होतं. पण उत्तर महिपतनेच दिलं.

"खोड सांगतो. हा पान्याला बुजतो, हा डावीकडं ओढतो, हा बाईमाणसाला मारतो. सांगून मग दोरी हातात देतो. न सांगता दिला आन् खोड निघाली, तर जत्रा उठायच्या आत बैल परत. बरोबर?"

"बरोबर, काका."

"मंग तुज्या ह्या जनावराची खोड काय ते सांग."

"सगळ्या सांगितल्या की. फरशीची सांगितली, पेटीची—"

"ह्या तळ्याची सांग."

हरेशने पडद्याकडे पाहिलं. "ती मला नाही ठाऊक."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे घोंगडी शोभेची!" आणि सगळे एकदम बोलायला लागले.

महिपतने हात वर केला. "हे बघ. पाच वाजेस्तोवर तू सोता बाहेर पडून दाखव. वाट हाय येवढं दिसलं तरी बास. नाय दिसलं तर मांडव गुंडाळ. आन् मंग फसवनारा मास्तर म्हनून बोंब झाली, तर आमी नाय आडवनार."

यातलं शेवटचं वाक्य हरेशला लागलं. मांडव गुंडाळायला अर्धा तास लागला असता. पण क्लासची निम्मी पोरं याच गावांतून एसटीने शहापूरला येत होती, आणि त्यांचे बाप, मामा, चुलते रांगेत उभे होते. इथे एकदा नाव गेलं की गिरणीवरची खोली आपोआप रिकामी होणार होती.

तो खुर्चीत बसला. हिरव्या तळ्याच्या दारातच खेळ साठवून ठेवायची सोय होती, म्हणजे मेल्यावर पुन्हा तिथूनच उठता येत होतं. तो खेळातल्या त्या दारातून निघाला, कठड्यावर चढला, मेला. डाव्या बाजूच्या कठड्याने गेला, मेला. उलटा चालत गेला, तेव्हा सुळे पाठीत आले एवढाच फरक. रांगेतले लोक आता जमिनीवर बसून बघत होते. घोंगडीवाला आपलं दुकान सोडून आला. चंदर नावाचा फुगेवाला प्रत्येक मरणाला एक पिपाणी वाजवत होता.

"ए, ती पिपानी बंद कर, नायतर तिच्यातच कोंबीन तुला," महिपत म्हणाला.

साडेचारच्या सुमारास जनरेटर खोकायला लागला. हरेश उठला. "जरा खुर्चीवर बस," असं समीक्षाला सांगून तो मागे गेला. खुर्ची रिकामी राहिली की पोरं बटणं दाबत, म्हणून.

ती बसली. तिला या खेळातलं एकच बटण माहीत होतं, पुढे जायचं.

"वैनी, बसलाय तर मारा येक चक्कर," चंदर म्हणाला. "मास्तरांची चौकशी तरी थांबंल."

"मला नाही येत."

"आमाला कुटं येतं? आमी पन मरतोच हाय."

मांडव हसला. समीक्षाने बोट टेकवलं. समोर तळं, तळ्यापलीकडे दार. ती सरळ निघाली.

"ओ वैनी! खाली नको!"

"कडेनं, कडेनं!"

"उतरली! अरे, उतरली ती!"

हिरवं पाणी पडद्यावर अर्ध्यापर्यंत चढलं आणि तिथेच थांबलं. कोपऱ्यातला जिवाचा आकडा जरा घसरला, अजून घसरला. समीक्षाने बोट उचललं नाही. मध्येच पाय कशावर तरी लागला, पाण्याखाली पायरी होती. पडदा एकेक पायरी वर उचलला गेला आणि ती पलीकडच्या दारात उभी राहिली. सुळे बाहेर आलेच नाहीत.

हरेश हाताला लागलेलं डिझेल न पुसताच धावत आला. पडद्यावर आजवर कुणी न पाहिलेली खोली होती. मधोमध चबुतरा, त्यावर पिवळी किल्ली.

"कशी आलीस?"

"चालत."

"कुठून?"

"समोरून. तुम्ही सगळे त्या बांधावरनं का जात होतात?"

महिपतने पडद्याकडे पाहिलं, मग घोंगडीवाल्याकडे. रांगेतला एक माणूस असा नव्हता, ज्याच्या घरी भात नव्हता.

"च्यायला," महिपत सावकाश म्हणाला. "हिरवं दिसल्यावर आमचा पाय उतरतच नाय रे."

आणि मग मांडव असा हसला की पलीकडच्या ओळीतले बैल कान टवकारून बघायला लागली. घोंगडीवाला मांडीवर हात आपटत होता. एक म्हातारा डोळे पुसत सांगत होता की लहानपणी राबात पाय घातला म्हणून बापाने निरगुडीच्या फोकाने झोडलं होतं, तो वळ आज नडला म्हणायचा.

"हसताय काय," हरेश ओरडला. "किल्ली! किल्ली राहिली आहे. समीक्षा, किल्ली उचलली की आधी वळायचं."

"मला वळायचं बटण माहीत नाही."

"मग तू चाल, वळायचं मी बघतो."

त्याने बाजूने वाकून माउस धरला. ती चबुतऱ्याकडे गेली. किल्ली उचलल्याचा आवाज आला आणि हरेशने झटक्यात माउस फिरवला. मागची भिंत सरकत होती. तो गोळ्या झाडत होता, ती पुढे जायचं बटण दाबून धरून थेट राक्षसांच्या अंगावर चालली होती.

"थांब ना जरा!"

"थांबायचं बटण कुठलं?"

"बोट उचल!"

तिने बोट उचललं. शेवटचा राक्षस दारातच पडला. पुढे किल्लीचं दार उघडलं, पडदा काळा झाला आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी अभिनंदन आलं. चंदरने पिपाणी वाजवली. या वेळी महिपतने त्याला हटकलं नाही.

पाचला दहा कमी होते. महिपत उठला, बक्षीस म्हणून दोरीवर लटकवलेली घोंगडी काढली आणि समीक्षापुढे धरली. लगेच मागून आवाज आला, "घरची घोंगडी घरातच? वा रे मास्तर!"

"लटकू दे ती तिथंच," समीक्षा म्हणाली. "पुढचं भुयार उघडलंय. त्यातून जो बाहेर पडेल, त्याची."

"त्याची खोड ठाव हाय का मास्तरला?" महिपतने विचारलं.

"नाही," हरेश म्हणाला. "पण आता तेही आधीच सांगेन."

त्याने पाटी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर खडूने लिहिलं: 'हिरव्या तळ्यात सरळ उतरावे. पुढच्या भुयाराच्या खोडी मालकास माहीत नाहीत.' महिपतने ते मोठ्याने वाचलं, मान हलवली आणि पाटी रस्त्यावरून दिसेल अशी जराशी फिरवून ठेवली.

सामान झाकताना हरेशने विचारलं, "घरी आईला सांगायचं का, कशी बाहेर पडलीस ते?"

"मी नाही सांगणार," समीक्षा कॉम्प्युटरवर साडी टाकत म्हणाली. "पाहुणे येतील तेव्हा तुम्ही सांगा. चहा मी घेऊन येते."

जत्रा अजून आठवडाभर होती. दुसऱ्या दिवशी साडेनऊला जनरेटर सुरू व्हायचा होता आणि पहिली पाळी महिपतने लावून ठेवली होती.