काकूंच्या चौदा चुका

ऑफिसात सगळे त्यांना काकूच म्हणत. वय शेहेचाळीस आणि बाकीची टीम तिशीच्या आतबाहेर. सासूबाईंच्या आजारपणात नऊ वर्षं घरी काढून त्या पुन्हा प्रोग्रॅमिंगकडे वळल्या होत्या. रक्त तपासणाऱ्या लॅबना सॉफ्टवेअर पुरवणारी ती छोटीशी कंपनी. तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, सहा टेबलं आणि एकच पंखा, तोही साहेबांच्या डोक्यावर.

दर सोमवारी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडायची आणि मंगळवारपासून तक्रारी सुरू. आठवड्यातले तीन दिवस निस्तरण्यातच जायचे. एकदा तर दोन पेशंटच्या रिपोर्टांची अदलाबदल झाली. लॅबमधल्या बाईंच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. त्या आवृत्तीतला नडलेला बदल काकूंचाच होता.

"होतं असं. दुरुस्त करा आणि पुढे चला," साहेब म्हणाले.

काकूंना ते पटलं नाही. रात्री जेवताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "यापुढे मी लिहिलेला कोड दुसऱ्या कुणी वाचल्याशिवाय बाहेर जाणार नाही."

"अगं, इतक्या वर्षांनी नोकरी मिळालीय. आपल्याच चुका चारचौघांत मांडणार?"

"मी नाही मांडल्या तर पेशंट भोगतील."

दुसऱ्या दिवशी त्या थेट, सगळे ज्याला खडूस म्हणत, त्याच्याकडे गेल्या. टीममधला सगळ्यात तिखट जिभेचा प्रोग्रॅमर तो. "माझं वाच. अजिबात हातचं राखू नकोस."

त्यानं राखलं नाहीच. चौदा चुका काढल्या, त्याही खणखणीत आवाजात. काकूंचे कान तापले. पण त्यांनी एकेक चूक दुरुस्त केली. शिवाय प्रत्येकीसाठी आपोआप चालणारी एक छोटी टेस्ट लिहिली. तीच चूक परत झाली, तर ती ऑफिसातच पकडली जावी म्हणून.

साहेब वैतागले. "एका कामाला दोन माणसं? कामं रखडतील."

"सहा आठवडे द्या. नाही जमलं तर मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही."

तिसऱ्या आठवड्यात आवृत्तीला दोन दिवस उशीर झाला. साहेबांनी बरीच आदळआपट केली. काकू तसूभरही हलल्या नाहीत.

चौथ्या आठवड्यात खडूस स्वतः येऊन उभा राहिला. "काकू, माझंही बघता का? फक्त जरा हळू आवाजात."

हळूहळू सगळेच एकमेकांचं वाचू लागले. एक जण मात्र, "माझ्यावर विश्वासच नाही तुमचा," म्हणत नोकरी सोडून गेला. काकूंना ते फार लागलं.

सहाव्या आठवड्यात तक्रारी आल्या फक्त दोन. निस्तरण्याचे दिवस मोकळे झाले आणि महिनोन्‌महिने पडून असलेली तीन कामं हातावेगळी झाली.

"मान गये! चालू ठेवा," साहेब म्हणाले.

"मग महिनाभर नवं काही घेऊ नका. जुनं सगळं तपासून काढायचंय."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "पंधरा दिवस. त्याच्या पुढे एक दिवस नाही."

"वीस," काकू म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागल्या.