कपाळावरची सवलत

तुमच्या आत्याचे सासरे, म्हणजे माझे सावरगावचे व्याही, यांच्याइतका लढाईवर बोलणारा माणूस जाम नदीच्या दोन्ही काठांवर सापडणार नाही. आणि त्यांनी आयुष्यात पाहिलेली लढाई एकच, गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत झेंडा बांधलेलं पळसाचं झाड रोवायचं आणि इकडून आमच्या पांढुर्ण्याने, तिकडून सावरगावने एकमेकांवर दगड फेकायचे, हा प्रकार तुम्ही फोनवर पाहिला असेल. मला तो कधीच रुचला नाही. व्याह्यांच्या डाव्या भुवईवर मात्र त्याची चिंचोक्याएवढी खूण आहे. लग्नाच्या बैठकीत त्यांनी आम्हाला आधी ती दाखवली, मुलगा नंतर. "तुमच्याच गावचा गोटा आहे, इहीणबाई. सोयरीक तवाच झाली!"

संत्र्याच्या बागेतून माकडं हाकलायची तरी ते गड्यांना तुकड्यांत वाटतात. टीव्हीवर सीमेची बातमी लागली की सेनापतींना मोठ्याने सूचना देतात, "डावीकडून घ्या ना बापा, काहून उभे राहून राहिले?"

यंदा तुमचा आतेभाऊ फौजेत भरती झाला. गावभर पेढे वाटले गेले आणि व्याही एकाएकी गप्प झाले. मग एके सकाळी दारात हजर. "सौसरकडे लढाईचं म्युझियम निघालं म्हणते. तुमी इंग्रजी वाचता, चला. पोरगा कुठी चालला, ते पाहून येऊ."

तिकीट खिडकीवर पाटी होती, जिल्ह्यातल्या रहिवाशांना सवलत. व्याह्यांनी ऐटीत आधार कार्ड पुढे केलं. खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, यावर तर छिंदवाडा आहे." छिंदवाड्यातून फुटून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला त्या दिवशी यांनी बैलांची शिंगं रंगवली होती; कार्डावरचा पत्ता बदलायचा तेवढा राहिला होता.

"मी घर नाही बदललं, बाई. जिल्हाच माह्या घरी आला!"

वाद ऐकून म्युझियमचे मालक, एक निवृत्त सुभेदार, बाहेर आले. त्यांनी व्याह्यांच्या कपाळाकडे पाहिलं.

"सावरगाव?"

"हाव."

"द्या यांना सवलत. हा पत्ता चुकत नाही."

मग काय विचारता! पहिल्या दालनात व्याह्यांनी सुभेदारांनाच युद्ध समजावून सांगितलं. नकाशात नदी कुठे आहे ते विचारलं, नदीशिवाय लढाई कशी होते याचं नवल केलं. मी पाट्या वाचून अर्थ सांगत होते, पण ते ऐकत नव्हते. शेवटी एका काचेमागे बुटांचा जोड होता, बर्फातून परत आणलेला, एकाची नाडी अर्धवट बांधलेली. तिथे ते थांबले.

"साहेब," त्यांनी विचारलं, "दिवस बुडाल्यावर तरी थांबत असतीन ना? आमच्या इथं झेंडा देवीच्या देवळात गेला का सारे थांबते. ज्याचं डोकं फुटलं त्याले समोरचेच दवाखान्यात नेते."

सुभेदारांनी काचेवरची धूळ रुमालाने पुसली. "नाही, काका. रात्रीही चालायचं."

परतताना जामच्या पुलावर व्याह्यांनी गाडी थांबवायला लावली आणि खालच्या गोट्यांकडे पाहत राहिले.

तुमचा आतेभाऊ आता सीमेवर आहे. त्याचा फोन रोज लागत नाही. ऊन नदीपलीकडे उतरलं की माझा फोन मात्र नेमाने वाजतो.

"इहीणबाई, थांबले असतीन का हो?"

सारं तपासून बोलायची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. तरी मी म्हणते, "थांबले असतील. तुम्ही जेवून घ्या."