राघोच्या हातची चकती

लिंबायतच्या मंडळीत प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, बसायचं तर चकती लागते. कापड विणायच्या लूमच्या भंगारातला पत्रा, रुपयाएवढा कापलेला, मधोमध खिळ्याने ठोकलेला क्रूस. नंदुरबारकडून आलेल्या अकरा लूम कामगारांनी छत्तीस वर्षांपूर्वी ही मंडळी उभी केली, तेव्हाच नेम ठरला. प्रभुभोजनाच्या आठवड्यात मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे तिच्या निवडलेल्या कारभाऱ्यांनी, घरोघर जायचं, प्रश्न विचारायचे, उत्तर पटलं तर चकती द्यायची. रविवारी ती डब्यात टाकली तरच भाकर मिळायची. वडिलालाही ती दुसऱ्या वडिलाच्याच हातून. पुढे उधन्याला आणि पलसाण्याला एकेक मंडळी निघाली. तिघींचा मिळून एवढासा प्रेस्बिटेरियन पंथ झाला. मग रविवारच्या पाळीवरून तो फुटला.

फोडणारा लोटूच, मंडळीचा एक वडील. थोरला भाऊ राघो, तोही वडील, मालकाच्या धाकाने रविवारी लूमवर उभा राहिला आणि लोटूने त्याची चकती रोखली. राघो पलसाण्याला निघून गेला. त्याच्यामागे निम्मी माणसं गेली, आणि मग तीही पांगली.

आता लिंबायतची प्रार्थनेची खोलीही महिनाअखेर सोडायची होती. येत्या रविवारचं प्रभुभोजन शेवटचं. दुसरे वडील लखन मार्चमध्ये वारले. लोटूने नऊ घरांत चकत्या वाटल्या. त्याला द्यायला कोणी उरलं नव्हतं. पण वडीलपण मरेपर्यंत असतं. म्हणजे राघो होता.

पलसाण्याला दार राघोच्या बायकोने, सरलाबाईने उघडलं.

"भावजी! बावीस वरीसमा आज रस्ता सापडना का?"

लोटूने चपला काढल्या. आत राघो खाटेवर बसला होता, लूमच्या खडखडाटात गेलेला कान भिंतीकडे करून. लोटूने खिशातली चकती त्याच्या हातावर ठेवली आणि कशासाठी आलो ते मोठ्याने सांगितलं.

राघोने ती उलटसुलट करून पाहिली. मग नेमाप्रमाणे विचारलं, "ऐतवारले काम करस का?"

लोटू कापड मार्केटात वॉचमन होता. रविवारचीही सुट्टी नव्हती, हा एकच रविवार त्याने मागून घेतला होता.

"करस."

राघो हसला नाही. सरलाबाईने चहाचा कप ठेवला.

"एकच लयना का?" राघोने विचारलं.

लोटूने खिसा चाचपला. आत काही नव्हतं. घरून निघताना राघोसाठी दुसरी घ्यावी असं त्याच्या मनातच आलं नव्हतं.

"ले," राघोने हात पुढे केला. "तुनी तुले."

लोटूने घेतली नाही. "दादा, तू करस का ऐतवारले काम?"

"मना तं आते सातबी दिन ऐतवार."

"मग वडिलाच्या हातून वडिलाला," लोटू म्हणाला, आणि राघोची मूठ मिटवली.

रविवारी राघो दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसला. त्याची चकती डब्यात खण्णकन पडली. पाळकांनी भाकर मोडली, आणि लोटू ताटली घेऊन बाकाबाकाने फिरला. राघोने तुकडा उचलला, ताटलीकडे पाहिलं, मग भावाकडे. लोटू पुढे सरकला. ताटलीत लोटूच्या वाट्याचा एक तुकडा उरला होता. तो त्याने तसाच मेजावर नेऊन ठेवला. रडू येईल असं त्याला वाटलं होतं. आलं नाही.

शेजारच्या शेडमध्ये लूम चालू होते. ट्रेमधले द्राक्षरसाचे पेले त्या हादऱ्याने एकमेकांवर किणकिणत होते. लोटूने त्यांच्यावर हात ठेवला आणि प्रार्थना संपेपर्यंत तो तसाच ठेवला.